छापील चुकांचे काय करावे? आठ महिन्यांच्या वापरानंतर

दृष्टिहीन वाचकांसाठी स्कॅन केलेली मराठी पुस्तके तपासताना गेले आठ महिने मी एकच पद्धत वापरते आहे: ओसीआरचा, म्हणजे पानाच्या चित्रातली अक्षरे ओळखून यंत्राने तयार केलेला मजकूर एनव्हीडीए या पडद्यावरचे वाचून दाखवणाऱ्या मोफत स्क्रीनरीडरच्या आवाजात ऐकायचा आणि काही खटकले की मूळ पानाचे चित्र उघडायचे.

यंत्राची चूक निमूट दुरुस्त करावी, याबद्दल दुमत नाही. ‘दऱ्या’चे ‘दर्या’ झाले किंवा पानाच्या माथ्यावरचे प्रकरणाचे नाव वाक्याच्या मध्येच घुसले, तर विचार करावा लागत नाही. अवघड असते ती छापखान्यातली चूक. एका जुन्या आत्मकथनात ‘आईच्या मरणाने मला धीर आला’ असे ऐकू आले. ओसीआरने ‘स्’ गाळला असेल म्हणून पान मोठे करून पाहिले, तर छापीलही ‘मरणाने’च होते. ‘स्मरणाने’ हा शब्द शेवटच्या पानावरच्या शुद्धिपत्रात सापडला. तेव्हापासून मी शुद्धिपत्र आधी वाचते आणि त्यातल्या दुरुस्त्या थेट मजकुरात करते, कारण डोळस वाचक पाने उलटून ते केव्हाही पाहू शकतो, पण ऐकणाऱ्याला शेवटपर्यंत चुकीचाच अर्थ धरून चालावे लागते. शुद्धिपत्रात नसलेली, पण अर्थ फिरवणारी चूक मी छापील रूपातच ठेवते आणि पुढे चौकटी कंसात टीप देते. काना किंवा मात्रा उमटलेली नसेल तर टीप देत नाही. दर दोन ओळींनी टीप ऐकत कादंबरी वाचणे कोणालाही जमणार नाही.

सुरुवातीला एक मोठी चूक माझ्याकडूनच झाली. १९६२च्या लेखननियमांपूर्वीच्या एका पुस्तकातले ‘नांव’, ‘कांहीं’, ‘मुलें’ यांवरचे अनुस्वार मी चाळीस पाने पुसत गेले. आवाज ते अनुस्वार उच्चारतो आणि ऐकणाऱ्याला त्रास होतो, असे माझे म्हणणे होते. ते पुस्तक ऐकणाऱ्या एम.ए.च्या विद्यार्थिनीने मला थांबवले. “ताई, अनुस्वार काढू नका. तेव्हा कसं लिहायचे हे मला दुसरीकडे कुठे कळणार?” ती चाळीस पाने मी पुन्हा केली. आता अशा पुस्तकाच्या आरंभी जुन्या लेखनाविषयी दोन ओळींची सूचना असते आणि मजकुराला हात लागत नाही.

ऱ्हस्वदीर्घाच्या बाबतीत मात्र ऐकून तपासण्याची पद्धत अपुरी पडते. ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘शिर’ आणि ‘शीर’ यांतला फरक भरधाव आवाजात माझ्या कानाला कळत नाही, म्हणून प्रत्येक पुस्तकाची दुसरी फेरी मी मूळ पान शेजारी ठेवून डोळ्यांनीच करते.