फवारणी पंपाची बॅटरी अन् नोझल: वीनर घेऊ का गॅमा?

तू विचारून राहिला ना भाऊ की प्रोजेक्टात झिजेचं कोणतं गणिती मॉडेल लावू, वीनर का गॅमा, तर आधी हे सांग की तू मोजून काय राहिला, कारण पंप एकच असला तरी बॅटरी अन् नोझल एकाच पद्धतीनं खराब होत नाहीत.

वायबुल, म्हणजे वस्तू किती दिवस टिकते याचं जुनं गणिती सूत्र, सगळ्यांना माहीत असते, १९५१ च्या पेपरपासून चालत आलेलं, पण त्याला "कधी बंद पडला" एवढंच कळते. समज कपाशीच्या एका हंगामात तुझ्या दहा बॅटऱ्यांपैकी दोनच गेल्या अन् आठ चालूच आहेत, तर दोन आकड्यांवर तो बिचारा काय बोलणार? उलट तू दर महिन्याला क्षमता मोजली तर न गेलेल्या आठबी बरंच काही सांगतात. म्हणून वायबुल बाजूला ठेव.

लू अन् मीकर या संशोधकांचं १९९३ चं पाथ मॉडेल सोपं आहे. प्रत्येक नगाची झिजेची आपली एक रेघ, उतार नगानुसार वेगळा, बाकी इकडंतिकडं झालं ते मोजण्यातली चूक. सरांना समजावायला बरं, पण ते धरून चालते की रेघ ठरलेलीच आहे, झीज स्वतः भटकत नाही.

बॅटरी मात्र भटकते. मे महिन्यात टिनाच्या शेडमधे ४५ डिग्रीत पडलेली असते, कधी पूर्ण चार्ज तर कधी लाइन गेली म्हणून अर्धीच, त्यामुळं मागच्या महिन्यापेक्षा रीडिंग थोडं वरबी येते. इथं वीनर प्रोसेस बसते, म्हणजे सरासरी एका दिशेनं जाणारी पण मधे भटकणारी चाल, त्यात खालीवर दोन्ही चालते. क्षमता नव्याच्या ८० टक्क्यांवर आली की बाद धर, महिन्याला सरासरी २ टक्के घट असली तर २० भागिले २, म्हणजे सरासरी १० महिने, चढउतार कितीबी असो. चढउतारानं फक्त आयुष्याचा पसारा वाढते, कोणती लवकर जाते कोणती उशिरा, अन् वॉरंटी ठरवणाऱ्याला तोच पसारा नडते. आयुष्याचं वाटप, म्हणजे किती महिन्यांत जाण्याची किती शक्यता, ते इन्व्हर्स गॉसियन नावाचं येते, सूत्र तयार आहे, हा मोठा फायदा.

नोझलचं भोक एकदा मोठं झालं की लहान होत नाही बाप्पा! धार नव्यापेक्षा १० टक्क्यांनी वाढली की नोझल बदलतात, अन् पितळेचं सिरॅमिकपेक्षा लवकर झिजते. फक्त वाढतच जाणाऱ्या झिजेला गॅमा प्रोसेस, त्यात झीज कधी मागं येत नाही; १९७५ मधे अब्देल-हमीद या संशोधकानं ती झिजेसाठी मांडली. पण खोच इथंच आहे: तू ग्लासानं अन् मोबाइलच्या स्टॉपवॉचनं धार मोजणार, एखाद्या वेळी आधीपेक्षा कमी भरणार, अन् एक जरी फरक उणे आला की गॅमाची लाइकलीहूड, म्हणजे मॉडेलनुसार असे आकडे येण्याची शक्यता, सरळ शून्य. मग पोरं काय करतात, उणे रीडिंग गुपचूप खोडतात, अन् झीज आहे त्यापेक्षा जास्त दिसते. तसं करू नको. विहिरीच्या पाण्याचा गाळ अडकूनबी धार कमी होते, म्हणून नोझल धुऊनच मोजत जा.

माझं विचारशील तर बॅटरीला वीनर अन् त्याच्या घटीच्या वेगात तापमान टाक. नोझलला गॅमा, पण खुणांचा मोजमाप जार मिळाला तरच, अन् ग्लासावरच भागवायचं असेल तर पाथ मॉडेल घे अन् चूक उघड लिहून टाक.