मोठेपणी ऑटिझमची तपासणी: 'नक्की सांगता येत नाही' असा रिपोर्ट आला तरी चार स्टार

पाचपैकी चार. आधीच सांगते, मला उत्तर मिळालेलं नाहीये. वय 23, परतूरकडची, तपासणीला संभाजीनगरच्या एका खाजगी सेंटरला गेले होते आणि रिपोर्टमध्ये आलं की आत्ताच्या माहितीवरून ऑटिझम (स्वमग्नता) आहे असंही म्हणता येत नाही आणि नाही असंही. तरी चार काहून देतेय ते वाचा, मोठ्या वयात तपासणी करायची तर सेंटरकडून काय काय मागायचं हे आधी माहिती असलेलं बरं.

ऑटिझम रक्तात किंवा एमआरआयमध्ये दिसत नसतो. बोलून, बघून आणि लहानपण खोदूनच ठरवतात. माझी एडॉस टेस्ट घेतली, समोर बसवून आपलं बोलणं-वागणं बघतात ती, त्यात चित्रं बघून गोष्ट सांगायची, मैत्रीबद्दल, एकटेपणाबद्दल प्रश्न. आणि ऑटिझम मोजायची आपल्या भारतातली 40 मुद्द्यांची आयएसएए स्केल असते ती आईला विचारून भरली. 70 च्या खाली आलं तर ऑटिझम धरत नाहीत, माझा आकडा 70 च्या अगदी अलीकडं येऊन थांबला.

खरी अडचण लहानपणाची. लक्षणं लहानपणापासून होती हे दिसलं पाहिजे असा नियमच आहे, आणि मी वाढले आजीजवळ, आजी आता नाही. तपासणाऱ्या मॅडमनी आईला विचारलं, ही बोट दाखवून वस्तू मागायची का, कितव्या महिन्यापासून? आई आठवत बसली, "त्या साली आम्ही कापूस वेचायला जायचो, सासूबाईजवळ असायची ही, रडायची नाही कधी, लई गुणाची." मला तिथंच रडू यायलं. शाळेत मधल्या सुट्टीत मी नळाजवळच्या भिंतीला टेकून फरशा मोजत उभी राहायचे, ते आमच्या घरात 'कुणाच्या अध्यात ना मध्यात' म्हणून कौतुकानं सांगतात. मॅडमनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं, आईला एकदाबी चुकीचं ठरवलं नाही.

रिपोर्टमध्ये निष्कर्ष का निघाला नाही ते नीट लिहिलंय. लहानपणाची माहिती अपुरी, शिवाय माझी एन्झायटी एवढी की नजर चुकवणं, गर्दीत गप्प होणं हे त्यातनंही येऊ शकतं. पुढं काय करायचं तेही आहे: आधी एन्झायटीवर उपचार, मग वर्षभरानं परत तपासणी, येताना जुनी प्रगतीपुस्तकं आणि लहानपणी बघितलेलं कुणी असेल तर त्यांना आणा. रिपोर्ट इंग्रजीत होता, आईला कळेना म्हणून विनंती केली तर मॅडमनी मराठीत एक पान हातानं लिहून दिलं. ते पान आईनं देवघराच्या कप्प्यात ठेवलंय.

एक स्टार कापला तो वेटिंग हॉलचा. आवाजाचा त्रास होणारे लोक जिथं येतात तिथं टीव्ही मोठ्यानं चालू आणि वर ट्यूबलाईट फडफडतेय, आत जाईपर्यंतच माझं डोकं बंद पडलं होतं. आणि रिपोर्ट समजावायला दहाच मिनिटं, पुढचा पेशंट दारात उभा. एवढी फी भरून घेता तर अर्धा तास द्या ना. पैसे भरायच्या आधी हे विचारूनच घ्या.

घरी आल्यावर जो तो विचारायला, काही निघालं का? अण्णा म्हणाले, "नाही निघालं ना, मंग सोड आता." त्यांना बरं वाटलं, माझं तसं नव्हतं, इतकी वर्षं मला असं का होतं याचं उत्तर मिळंल असं धरून चालले होते. एका रात्री झोपच येईना तेव्हा टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 ला फोन केला. फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलले, ती रात्र निघाली.

आता आठवडी बाजाराला सकाळी दुकानं लागतानाच जाते, एसटीत कानात इअरप्लग घालते, ऑफिसच्या सरांना म्हणलं काम फोनवर सांगू नका, मेसेजमध्ये लिहून द्या, त्यांनी एका शब्दानं का ते विचारलं नाही. यातल्या कशालाच डायग्नोसिस लागत नाही. सवलतींचं वेगळं, 2016 च्या दिव्यांग कायद्यात ऑटिझम आहे पण प्रमाणपत्र सरकारी दवाखान्यातनं काढावं लागतं, असल्या अर्धवट रिपोर्टवर ते व्हायचं नाही.

परत त्याच सेंटरला जाणार आहे. माझ्या पहिलीच्या बाई रिटायर होऊन सेलूला राहतात असं कळलंय, आई त्यांचा नंबर काढायली.