पुरण विकतचं, पोळ्या घरच्या

7 किलो तयार पुरण, 10 तयार पुरणपोळ्या आणि कॅनभर येळवणी, म्हणजे पुरणाच्या डाळीचं उपसलेलं पाणी. गेल्या महालक्ष्म्यांना (गौरींना) आम्ही ही ऑर्डर संभाजीनगरच्या सिडकोतल्या एका गृहउद्योगाला दिली होती. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि त्या मावशींकडे मला परत जायचंय.

आमच्याकडे महालक्ष्म्यांच्या जेवणाला 34 पानं असतात. कामं वर्षानुवर्षं वाटलेली. थोरल्या जाऊबाई जालन्याहून आंबिलीचं पीठ, पंचामृत आणि चटण्या घेऊन येतात. सोळा भाज्या आणि कढी माझ्याकडे. आमचे हे आदल्या दिवशी पहाटे जाधववाडीच्या मंडईत जाऊन भाज्या आणतात, आणि दरवर्षी पंधराच आणतात. नणंदबाई वडे-भजी तळतात. पुरण धाकट्या जावेकडे. ही वाटणी कोणी केली कोणास ठाऊक, पण ज्या कामाने खांदा भरून येतो ते काम सगळ्यात शेवटी घरात आलेल्या सुनेच्या वाट्याला गेलं, एवढं खरं. अडीच किलो डाळ शिजवा, उपसा, गूळ घालून आटवा आणि गरम आहे तोवर यंत्रातून काढा. गार झालं की यंत्राचा दांडा फिरता फिरत नाही. मिक्सरमधून काढलं तर पिठलं होतं.

2025 मध्ये पूजनाचं ज्येष्ठा नक्षत्र सोमवारी, 1 सप्टेंबरला आलं. धाकटी पुण्याहून रविवारी संध्याकाळी पोचणार होती. ‘यंदा पुरण विकत आणू या का?’ असं तिने ग्रुपवर टाकलं आणि दोन तास कोणी चकार शब्द काढला नाही. मग सासूबाईंचा आवाज आला: ‘‘देवीचं घरी करा. माणसांचं कुठूनही आणा.’’ वय 79, आणि प्रश्न दोन वाक्यांत मिटवला. नैवेद्याच्या पाच पोळ्या आणि आरतीचे सोळा दिवे यांच्यापुरतं पावशेर डाळीचं पुरण घरी सोवळ्यात करायचं, बाकी सगळं बाहेरून.

आता मालाविषयी.

पुरण सांगितल्या वेळेला, रविवारी सात वाजता आलं. वाटलेलं एकदम मऊ, डाळीची कणी शोधून सापडत नव्हती. वेलदोडा-जायफळ बेताचं, सुंठ नाही. आमच्याकडे लागते, पण ती वरून घालता येते. चव चांगली होती. रंग मात्र फिका. गुळाबरोबर साखर आहे हे जिभेआधी डोळ्यांना कळलं. मावशींनीही लपवलं नाही. ‘‘निम्मी साखर असते ताई, सगळ्यांना तसंच लागतं,’’ म्हणाल्या. आम्हाला नाही लागत, पण ते आधी सांगायला हवं होतं, ही चूक आमची.

चूक त्यांची होती ती पॅकिंगमध्ये. गरम पुरण प्लास्टिकच्या डब्यांत भरून झाकणं लावून टाकलेली. झाकणाच्या आतून पाणी ओघळत होतं. भाद्रपदातल्या दमट हवेत तसंच रात्रभर ठेवलं असतं तर सकाळी आंबूस वास आला असता. धाकटीने सगळं परातीत पसरून गार केलं, मग पातेल्यात घालून चटका दिला. उलथणं मध्ये रोवून पाहिलं तर आडवं पडलं. आणखी वीस मिनिटं घोटल्यावर उभं राहिलं. म्हणजे विकत आणूनही घोटणं सुटलं नाही. पण अडीच तासांचं काम अर्ध्या-पाऊण तासावर आलं.

येळवणीचं सांगते, कारण ही गोष्ट आमच्यातल्या कोणाच्याच आधी लक्षात आली नव्हती. पुरण विकत आणलं की डाळीचं उपसलेलं पाणी घरात नसतं, आणि त्या पाण्याशिवाय आमटी कशाची? ऑर्डर देऊन झाल्यावर थोरल्या जाऊबाईंनी फोनवर विचारलं तेव्हा मी कपाळाला हात लावला. मावशींना परत फोन केला, त्यांनी ‘‘कॅन पाठवते’’ म्हटलं. आला एक लिटरचा, तोही अगदी निवळ. 34 माणसांच्या आमटीला ते कसं पुरणार? घरच्या पावशेर डाळीची येळवणी त्यात मिसळली, वाटीभर डाळ वेगळी शिजवून घोटून लावली, काळा मसाला आणि भाजलेलं खोबरं जरा सढळ हाताने घातलं. पंगतीत कोणाला कळलं नाही. नणंदबाईंना कळलं, पण त्या बोलल्या नाहीत, नुसत्या माझ्याकडे बघून हसल्या.

तयार पोळ्या नमुन्याला म्हणून दहाच घेतल्या होत्या, ते बरं केलं. पुरण भरपूर होतं, पण कडा भाकरीसारख्या कोरड्या झालेल्या. तव्यावर तूप सोडून पुन्हा गरम केल्या तरी घरच्या पोळीचा लुसलुशीतपणा येईना. मुलांनी दुधात कुस्करून खाल्ल्या. पोळी तव्यावरून पानात पडली पाहिजे, तिला प्रवास सोसत नाही. त्यातून 40 रुपयांना एक.

पुरणाचा भाव 300 रुपये किलो, 7 किलोचे 2100. घरी केलं असतं तर डाळ-गूळ मिळून चारशेच्या आसपास झाले असते. महाग आहेच. पण रविवारी रात्री साडेदहाला ओटा आवरून झाला होता आणि आम्ही चौघी महालक्ष्म्यांसमोर बसून चहा पीत होतो. माझ्या लग्नाला 26 वर्षं झाली, असं आदल्या रात्री कधी झालं नव्हतं. एरवी त्या वेळी यंत्राची चाळणी धुण्यावरून कोणीतरी रुसलेलं असायचं. सकाळी दोघी लाटायला, दोघी भाजायला, 80 पोळ्या दीड वाजेपर्यंत झाल्या. फुटल्या फक्त सहा.

आरतीच्या वेळी मात्र फरक दिसला. घरच्या पुरणाचे दिवे ताटात ताठ उभे होते. सोळाव्याला पुरण कमी पडलं म्हणून नणंदबाईंनी विकतच्या पुरणाचा एक करून ठेवला. सासूबाईंना सांगितलं नाही. आरती अर्ध्यावर आली तोवर तो तुपाच्या भाराने बसला आणि वात ताटात लवंडली. सासूबाईंनी आरती म्हणता म्हणताच तो बोटाने बाजूला सारला.

पुढच्या वर्षीची ऑर्डर मी मावशींना आत्ताच लिहून दिली आहे: पुरण 7 किलो, फक्त गूळ, सुंठ घालून, उलथणं उभं राहील इतकं घट्ट, गार करून स्टीलच्या डब्यांत (डबे आमचे). येळवणी 4 लिटर. पोळ्या नकोत. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि गुळाच्या पुरणाचे किलोमागे 20 रुपये जास्त पडतील म्हणाल्या. दिले.