फॅक्टरी फाईव्हची एमके४ रोडस्टर किट: कोब्राची कॉपी नेमकी किती हुबेहूब हवी?

आधी निकाल सांगून टाकतो. किट (म्हणजे सुट्या भागांत येणारी, घरी स्वतः जोडायची गाडी) घ्या, माझ्याकडून पाचपैकी साडेचार. फक्त ऑप्शनची यादी भरताना घाई करू नका, कारण गाडी कोब्रा वाटणार की कोब्राचं कातडं पांघरलेली कुठलीतरी गाडी वाटणार हे त्या यादीवरच ठरतं, आणि मी इथे मुख्यतः त्याबद्दलच लिहिणार आहे. मॅन्युअल कसं आहे, बोल्ट पूर्ण आले का, ह्याचे रिव्ह्यू ढीगभर सापडतील.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी: फॅक्टरी फाईव्ह ही मॅसॅच्युसेट्समधल्या वेअरहॅमची कंपनी, १९९५ पासूनची. एमके४ म्हणजे १९६५ च्या ४२७ कोब्राच्या (साठच्या दशकातली शेल्बीची स्पोर्ट्स कार, ४२७ हे तिच्या इंजिनाचे क्युबिक इंच) आकाराची फायबरग्लास बॉडी, खाली ४ इंची गोल पाईपांची चेसिस, आणि मग खोकीच खोकी. इंजिन, गिअरबॉक्स आणि रंग आपलं आपण बघायचं. बेस किट घेतली तर १९८७ ते २००४ मधल्या फोर्ड मस्टँगचे पार्ट काढून लावता येतात, कंप्लीट किटमध्ये बहुतेक सगळं नवं येतं. आम्ही कंप्लीट घेतली. आम्ही म्हणजे मी आणि शेजारचे काका, ज्यांचं आयुष्य डेट्रॉईटला टूल अँड डायमध्ये, म्हणजे कारखान्यांचे साचे आणि हत्यारं बनवण्यात गेलं आणि ज्यांना दरवाजाच्या फटीत बोट फिरवून सांगता येतं की खालच्या कोपऱ्यात अजून घासायला लागेल.

जोडणीचं काम अवघड नाहीये, चिकाटीचं आहे. अॅल्युमिनियमचे पत्रे कापून येतात, ते जागेवर धरायचे, मागून पाईपाच्या कडेने पेन्सिलची रेघ मारायची, पत्रा काढायचा, भोकांच्या खुणा करायच्या, परत लावायचा, भोकं पाडायची, परत काढून भोकांच्या कडेचे बर (धारदार कंगोरे) साफ करायचे, सिलिकॉनची लाईन ओढायची आणि मग रिव्हेट. असे पत्रे भरपूर आहेत. काका प्रत्येक पत्र्याला तितकाच वेळ द्यायचे, आत कार्पेटखाली जाणारा असला तरी. बॉडीवर मोल्डच्या जोडाच्या रेघा असतात, त्या घासून भरून सरळ कराव्या लागतात, आणि हे काम कोणाला द्यायचं हे किट ऑर्डर करायच्या आधी ठरवा. आम्ही एका पेंटवाल्याकडे दिली, त्याने बॉडी नुसती ठेवून घेतली आणि तारखांवर तारखा देत राहिला, शेवटी उचलून दुसरीकडे नेली. रंगाचं बजेट इंजिनाच्या बजेटच्या बरोबरीने धरा, कमी अजिबात नको.

आता मुद्द्यावर येतो. शोला गाडी नेली की कोणीतरी येतंच, खाली वाकून बघतं आणि म्हणतं की ओरिजिनलमध्ये हे असं नव्हतं. माझा त्यांना एकच प्रश्न असतो की ओरिजिनल म्हणजे कुठली? कोब्रा मुळात इंग्लंडच्या थेम्स डिटनमधल्या एसी कंपनीची एस नावाची हलकी स्पोर्ट्स कार, तिच्यात कॅरोल शेल्बीने १९६२ मध्ये कॅलिफोर्नियात सँटा फे स्प्रिंग्सला डीन मूनच्या वर्कशॉपमध्ये फोर्डचं व्ही८ बसवलं. आधी २६० क्युबिक इंचांचं, लवकरच २८९. तोवर खाली आडव्या पाट्यांच्या स्प्रिंगा होत्या आणि ३ इंची पाईप. १९६५ ला ४२७ आली तेव्हा पाईप ४ इंची झाले, कॉईल स्प्रिंग आल्या, बॉडी फुगली. आणि रस्त्यावरच्या बऱ्याच '४२७' मध्ये प्रत्यक्षात ४२८ इंजिन आहे, जे वेगळं आणि स्वस्त इंजिन होतं. पहिली गाडी, सीएसएक्स२०००, वेगवेगळ्या मासिकांना चालवायला देताना वेगवेगळ्या रंगात रंगवून दिली होती, म्हणजे लोकांना वाटावं की बऱ्याच गाड्या तयार आहेत. हीच गाडी २०१६ ला माँटेरीच्या लिलावात १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलरला गेली.

म्हणजे तीन वर्षांत जिचं खालचं सगळं बदललं, जिच्यात हाताशी असेल ते इंजिन बसलं, तिच्या सस्पेन्शनचा प्रत्येक जॉइंट तसाच हवा हा हट्ट मला पटतच नाही. शेल्बीला त्या वेळी चांगलं जे मिळालं ते त्याने लावलं. आज आपल्याला चांगले ब्रेक मिळतात, नीट स्टिअरिंग मिळतं, मागे इंडिपेंडंट सस्पेन्शन मिळतं, तर लावा, बिनधास्त लावा. साधारण अकराशे किलोची गाडी आणि चारशेच्या वर हॉर्सपॉवर, ना एअरबॅग ना डोक्यावर छप्पर, तिथे साठ वर्षांपूर्वीच्या हिशोबाचे ब्रेक कशाला? माझी बायको, मुलगी ह्या गाडीत बसतात. चालक आणि शेजारची सीट, दोन्हीच्या मागे रोल बार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारा पाईप) घ्या. रेसिंगच्या मूळ गाड्यांना फक्त चालकाच्या मागे होता हे कारण मी ऐकून घेणार नाही.

पण जे डोळ्याला दिसतं आणि हाताला लागतं तिथे मी कट्टर आहे. तिथे हुबेहूबच पाहिजे. कोब्रा म्हणजे ते मागच्या चाकांवरचे फुगलेले खांदे, तो पुढचा उघडा जबडा, ९० इंचांचा आखूड व्हीलबेस आणि त्यात मावेल की नाही वाटणारं इंजिन. फॅक्टरी फाईव्हने व्हीलबेस तोच ठेवलाय आणि बॉडीची रेघ इतकी जवळची आहे की रस्त्यावरून जाताना फरक कळत नाही. आत पाय ठेवायला मूळ गाडीपेक्षा मोकळी जागा केली आहे, उंच माणसाला बसता येतं, हा बदल मला मान्य आहे कारण बाहेरून तो दिसत नाही. इथवर कंपनीला पैकीच्या पैकी.

चूक होते ती घेणाऱ्याकडून. सगळ्यात मोठी म्हणजे चाकं. मूळ ४२७ ला १५ इंची चाकं आणि त्यावर जाड, उंच टायर होते, ती टायरची उंच भिंत हा त्या आकाराचा अर्धा भाग आहे. लोक १८ इंची चाकं आणि चपटे टायर लावतात आणि मग गाडी खेळण्यातली दिसायला लागते, कुठे बिघडलंय हे त्यांना सांगता येत नाही पण काहीतरी बिघडलंय एवढं दिसतं. १५ इंचात मोठे ब्रेक बसत नाहीत आणि रुंद टायरला पर्याय कमी, हे मान्य, म्हणून १७ इंची, हॅलिब्रँड (मूळ रेसिंग चाकांची कंपनी) डिझाईनची चाकं आणि त्यातल्या त्यात उंच भिंतीचे टायर. आम्ही तेच केलं. ह्यापुढे जाऊ नका.

दुसरं डॅशबोर्ड. मूळ ४२७ मध्ये स्मिथ्स ह्या इंग्लिश कंपनीचे गोल डायल होते आणि स्पीडोमीटरचा काटा उलटा फिरायचा. आज हे उलट्या काट्याचे डायल नवे बनवलेले मिळतात, आतमध्ये इलेक्ट्रॉनिक सेन्सर, बाहेरून तोच काळा चेहरा. हीच तर आदर्श कॉपी आहे ना! आणि तरी लोक तिथे डिजिटल स्क्रीन लावतात, मला खरंच वाईट वाटतं, कारण गाडी चालवताना बॉडी आपल्याला दिसतच नाही, दिसतो तो डॅशबोर्ड, लाकडी स्टिअरिंग आणि लांब बॉनेट. कोब्राचा गिअरचा दांडासुद्धा ओळखीचा आहे, गिअरबॉक्स मागे आणि दांडा पुढच्या बाजूला वाकलेला. तो घ्या, थोडे पैसे जास्त लागतात, पण प्रत्येक गिअरला हात तिथेच जाणार आहे.

इंजिनावर काकांचं आणि माझं पटलं नाही. त्यांना फोर्डचं आधुनिक ५ लिटरचं कोयोट हवं होतं, चावी फिरवली की चालू, थंडीत त्रास नाही, मायलेजही बरं. मला फोर्डच्या जुन्या ३५१ विंडसर व्ही८ चा ब्लॉक स्ट्रोक करून (पिस्टनची चाल वाढवून) ४२७ क्युबिक इंच केलेला, वर कार्बोरेटर. काकांचा मुद्दा खरा आहे, रोज चालवायची असेल तर कोयोटच. पण ते वरच्या बाजूला, सिलिंडर हेडपाशी, प्रचंड रुंद आहे आणि बॉनेट उघडलं की प्लास्टिक आणि वायरिंग दिसतं. ह्या गाडीचं बॉनेट प्रत्येक पेट्रोल पंपावर उघडावं लागतं, लोक सोडत नाहीत. शेवटी विंडसर बसलं. जिथे बघायला माणसं जमतात ती जागा जुनी दिसायला हवी, हे काकांनाही पटलं, जरी कार्बोरेटर ट्यून करताना ते अजून पुटपुटतात.

साईड पाईप हा एकच प्रकार असा की तिथे मला दोन्ही बाजू दिसतात. आवाज, देखणेपणा, सगळं त्यात आहे, ते काढले तर कोब्रा उरत नाही. पण उतरताना पोटरी टेकली की भाजतं, मालक लोक त्याला स्नेक बाईट म्हणतात आणि डाग दाखवत फिरतात. ह्यात कौतुक कसलं? हीट शील्ड लावा आणि लहान मुलांना स्वतः उचलून बाहेर काढा.

बॅजबद्दल मात्र माझं मत पक्कं आहे. गाडीवर शेल्बीची सही, खोटी सीएसएक्स नंबरची (मूळ कोब्राच्या चेसिस नंबरची) पाटी, असलं काही लावू नका. शेल्बीने २००० साली फॅक्टरी फाईव्हला कोर्टात खेचलं होतं, पुढे तडजोड झाली, आणि म्हणूनच कंपनी तिला रोडस्टर म्हणते. पण कायदा बाजूला ठेवला तरी, थेम्स डिटनच्या कारागिरांनी हाताने ठोकलेल्या हजाराच्या आसपास गाड्या आहेत, त्यांचा मान त्यांच्याकडे राहू द्या. आपल्या गाडीवर आपलं नाव टाका. काकांनी ग्लोव्ह बॉक्सच्या आत छोटी पितळी पाटी लावलीये, दोघांची नावं आणि खाली डेट्रॉईट.

ज्यांना ह्याहून जास्त हुबेहूब हवी त्यांच्यासाठी पर्याय आहेत. सुपरफॉर्मन्स दक्षिण आफ्रिकेत बनते, शेल्बीचं लायसन्स आहे, रंगवून जोडून येते, आपण फक्त इंजिन गिअरबॉक्स बसवायचा. युटामधली कर्कहॅम तर अॅल्युमिनियमची बॉडी बनवते, पोलंडमध्ये जिथे मिग विमानं बनायची तिथल्या कारागिरांच्या हातून, ती बघून माझी बोलती बंद झाली होती. पैसे कित्येक पट. माझ्यासाठी गॅरेजमध्ये स्वतः जोडण्याचा भाग मोठा होता म्हणून मी तिकडे वळलो नाही.

इंग्लंडला कोणी असेल तर तिथलं गणित वेगळं. तिथे आयव्हीए टेस्टमध्ये (रस्त्यावर आणण्याआधी प्रत्येक अशा गाडीची होणारी सरकारी तपासणी) बाहेरच्या कडांना ठरावीक गोलाई लागते आणि चाकाचे ते कान असलेले नट चालत नाहीत, म्हणजे हुबेहूबपणा कायद्यानेच अडवलाय. भारतात तर अशी गाडी रजिस्टर करणं फारच कठीण. तरी आपल्याकडे अलिबागजवळ कार्लेखिंडीत चिंकारा मोटर्सने लोटस सेव्हन ह्या जुन्या इंग्लिश स्पोर्ट्स कारच्या धर्तीवर रोडस्टर बनवली, आत अँबेसेडरमध्ये यायचं ते १.८ लिटरचं इसुझू इंजिन. बाहेरून जुनी, आत जे मिळेल ते चांगलं. मला ती गाडी त्याचसाठी आवडते.

अर्धा गुण कशासाठी कापला? ऑप्शनच्या यादीत १८ इंची चाकं इतक्या सहज मिळतात म्हणून. नवीन माणसाला तिथे कोणीतरी थांबवायला हवं.

शेवटी कागदपत्रं. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम वेगळा आहे, कॅलिफोर्नियात अशा गाड्यांना स्मॉगची (धुराच्या तपासणीची) जी सूट मिळते ती वर्षाला पहिल्या ५०० गाड्यांनाच, त्यामुळे तिथले लोक जानेवारीतच रांग लावतात. किटसोबत येणारं सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन (किट कंपनीकडून आल्याचा दाखला) आणि इंजिन-गिअरबॉक्सची बिलं एका फाईलमध्ये पहिल्या दिवसापासून ठेवा, इन्स्पेक्शनला गाडीच्या आधी ती फाईल उघडतात.