एन्झोचे नाक आणि कॅमेऱ्याचा डोळा

म्हाताऱ्या कुत्र्याला आता उठवत नाही, आणि मालक कामावरून परत येईपर्यंत त्याच्या अंगाखाली ओल साचलेली असते. मालक दारात उभा राहतो, काय झाले ते त्याला कळते, आणि तो जराही न रागावता कुत्र्याला उचलून घेतो. गार्थ स्टाइन यांच्या २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द आर्ट ऑफ रेसिंग इन द रेन’ या कादंबरीची सुरुवात या प्रसंगाने होते, आणि सायमन कर्टिस यांनी दिग्दर्शित केलेला त्याच नावाचा २०१९ चा चित्रपटही इथूनच उलगडू लागतो. आमच्या घरातल्या कुत्रीचे अखेरचे महिने मी असेच काढले आहेत. गुळगुळीत फरशीवर तिचे मागचे पाय फाकत, उठण्याच्या धडपडीत नखांचा खरखर आवाज होई, आणि आम्ही धावत जाईपर्यंत ती ओशाळून मान वळवून बसलेली असे. त्यामुळे हा चित्रपट मी तटस्थपणे पाहू शकलो नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

कथा अमेरिकेतील सिएटल या पावसाळी शहरात घडते. डेनी स्विफ्ट हा मोटारशर्यतीत नाव कमावू पाहणारा तरुण ड्रायव्हर एक पिल्लू घरी आणतो आणि फेरारी कंपनीच्या संस्थापकावरून त्याचे नाव एन्झो ठेवतो. पुढे डेनीच्या आयुष्यात ईव्ह येते, झोई नावाची मुलगी होते, ईव्हला मेंदूचा कर्करोग होतो आणि तिच्या मृत्यूनंतर तिचे श्रीमंत आईवडील नातीचा ताबा मिळवण्यासाठी जावयाला कोर्टात खेचतात. हे सारे आपल्याला सांगतो तो एन्झो. टीव्हीवरच्या एका माहितीपटातून त्याला मंगोलियातील एक समजूत कळलेली आहे, की माणूस होण्याची तयारी पुरी झालेला कुत्रा पुढच्या जन्मी माणूस होतो. आपल्याकडच्या कथेत पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावतात, कारण त्यांना त्या कुत्र्यात पांडुरंग दिसतो; तिथे पाहणारा संत असतो आणि कुत्रा काय विचार करतो हे कोणी विचारत नाही. इथे मात्र पाहणारा, तोलणारा आणि शिकणारा कुत्राच आहे, आणि कादंबरीचे सारे बळ या एका निवडीत आहे.

चित्रपटाची खरी अडचणही नेमकी इथेच सुरू होते. कादंबरीत आपल्याला एन्झोच्या डोक्याबाहेर जाताच येत नाही. तो जिथे नाही तिथे काय घडले ते आपल्याला त्याच्याइतकेच अर्धेमुर्धे कळते. कॅमेऱ्याला मात्र अशी मर्यादा पाळणे जमत नाही. तो माणसाच्या उंचीवर उभा राहतो, माणसांच्या चेहऱ्यांवर रेंगाळतो, आणि मग निवेदनातला कुत्रा आपण आधीच पाहिलेली गोष्ट पुन्हा सांगत राहतो. ईव्हचा आजार डॉक्टरांच्या कितीतरी आधी एन्झोला वासावरून समजतो. कादंबरीत तो तिच्या डोक्यातून येणाऱ्या कुजक्या लाकडासारख्या वासाचे वर्णन करतो, आणि ते वाचताना अंगावर काटा येतो, कारण सांगायला त्याच्याजवळ वाचा नाही. चपटी, लांब जीभ शब्द घडवू शकत नाही, हे त्याचे आयुष्यभराचे दुःख आहे. पडद्याला नाक नसते. तिथे हा सगळा भयंकर अनुभव निवेदनाच्या एकदोन वाक्यांत आणि कुत्र्याच्या टक लावून पाहणाऱ्या चेहऱ्यात उरकावा लागतो, आणि प्रेक्षकाला माहिती मिळते, पण धसका बसत नाही.

एन्झोला आवाज दिला आहे केव्हिन कॉस्टनर यांनी. त्यांचा जाडसर, थकलेला, संथ स्वर म्हाताऱ्या एन्झोला शोभतो, आणि पहिल्या काही मिनिटांत तर तो मनाची पकडच घेतो. पण तोच स्वर पिल्लाच्या दृश्यांवरही येत राहिल्याने वय वाढत गेल्याची जाणीव कानांना होत नाही. निवेदन निम्म्यावर आणले असते आणि उरलेले त्या गोल्डन रिट्रीव्हरच्या डोळ्यांवर सोपवले असते, तर चित्रपट कितीतरी अधिक बोलका झाला असता, असे मला मनापासून वाटते. कादंबरीतला एन्झो असा देखणा, एका जातीचा नाही. तो संकरित आहे आणि आपल्या वंशाबद्दल त्याची स्वतःची ठाम मते आहेत. ती ऐट आणि तो हट्टीपणा सोनेरी केसांच्या सुंदर कुत्र्यात थोडा हरवतो.

शर्यतीचा भाग मात्र चित्रपटाने समजून केला आहे. कोरड्या ट्रॅकवर ज्या रेषेवरून सारे ड्रायव्हर गाडी नेतात, तिथे टायरचे रबर घासून बसलेले असते आणि त्यामुळे पकड उत्तम मिळते. पाऊस पडला की हेच रबर पाण्याखाली निसरडे होते, आणि चांगल्या ड्रायव्हरला ओळखीची वाट सोडून कडेच्या खरबरीत डांबरावर नवी वाट शोधावी लागते. त्यातच टायर आणि रस्ता यांच्यामध्ये पाण्याचा थर आला, तर सुकाणू फिरवूनही गाडी वळत नाही. डेनीचे कौशल्य असे, की गाडी घसरेल म्हणून तो वाट पाहत नाही. ती कधी आणि किती घसरवायची हे तो स्वतः ठरवतो, म्हणजे जे अनपेक्षित असते ते त्याच्या हातात येते. एन्झोचे दैवत असलेल्या, ब्राझीलच्या फॉर्म्युला वन ड्रायव्हर आयर्टन सेना यांनी हीच करामत प्रत्यक्षात करून दाखवली होती. १९८४ च्या मोनॅको शर्यतीत तुलनेने दुबळ्या टोलमन गाडीत तेराव्या स्थानावरून सुरुवात करून, पावसामुळे शर्यत थांबवली गेली तेव्हा ते दुसरे होते, आणि १९९३ मध्ये इंग्लंडमधील डॉनिंग्टनच्या ओल्या ट्रॅकवर पाचव्या स्थानावर ढकलले गेल्यानंतर पहिली फेरी पुरी होईपर्यंत ते सर्वांच्या पुढे निघून गेले होते. ज्यांनी हे कधी पाहिलेले नाही त्यांनाही चित्रपटातील ओल्या ट्रॅकवरची दृश्ये पाहताना, इतक्या वेगात शांत राहणे म्हणजे काय, याची कल्पना येते.

माझी सर्वांत मोठी तक्रार खटल्याबद्दल आहे. कादंबरीत ईव्हच्या नात्यातील एक अल्पवयीन मुलगी डेनीवर लैंगिक अत्याचाराचा खोटा आरोप करते, आणि त्या रात्री काय घडले हे एन्झोने पाहिलेले असते. सत्य माहीत असलेला एकमेव साक्षीदार मुका आहे, ही कल्पना कादंबरीचा कणा आहे. खचलेला डेनी तडजोडीच्या कागदांवर सही करायला निघतो, तेव्हा एन्झो ते कागद पळवून त्यांची जी वाट लावतो, तो प्रसंग त्यामुळेच हास्यास्पद न होता विलक्षण गंभीर होतो. चित्रपटात हा आरोप काढून टाकून त्याजागी सासऱ्याशी झालेल्या झटापटीचा आणि त्याच्या पडण्याचा गुन्हा आणला आहे. सहकुटुंब पाहता यावा असा चित्रपट करायचा, तर हा बदल का झाला ते मला समजते, आणि तसल्या आरोपाचे चित्रण हलक्या हाताने झाले असते तर ते अधिक वाईट ठरले असते, हेही मान्य करतो. पण त्यामुळे डेनी सर्वस्व गमावण्याच्या काठावर उभा आहे हे आपल्याला ऐकून माहीत असते, आतून जाणवत नाही. सासूसासऱ्यांच्या भूमिकेत कॅथी बेकर आणि मार्टिन डोनोव्हन यांनी जीव ओतला आहे. विशेषतः बेकर यांच्या चेहऱ्यावर मुलगी गमावलेल्या आईची होरपळ सतत दिसत राहते, आणि म्हणून ही बाई खलनायिका वाटत नाही.

मायलो व्हेंटिमिग्लिया यांचा डेनी कमी बोलणारा आणि सोसणारा आहे. अमांडा सायफ्रेड यांच्या ईव्हला पटकथेने फारशी जागा दिलेली नाही, तरी कुत्र्याविषयीच्या सुरुवातीच्या दुराव्यापासून शेवटच्या विश्वासापर्यंतचा तिचा प्रवास सायफ्रेड मोजक्या दृश्यांत स्पष्ट करतात. आजारपणात ईव्ह अचानक घर सोडून जाते आणि एन्झो अन्नाविना एकटा मागे राहतो, तेव्हा भुकेने भ्रमिष्ट झालेल्या त्याच्या डोळ्यांसमोर झोईचा खेळण्यातला झेब्रा जिवंत होतो. हा कादंबरीतला भीतीदायक भाग पडद्यावर आटोपता घेतला आहे. कोणी काही म्हणो, मला तो लांबवलेला हवा होता, कारण एकट्या राहिलेल्या प्राण्याचा काळ किती ताणला जातो हे तिथेच कळले असते.

कादंबरी वाचलेली नसेल तर आधी ती वाचावी, असा माझा आग्रह आहे. लहान मुलांसोबत चित्रपट पाहणार असाल, तर घरातला मृत्यू आणि कुत्र्याचे म्हातारपण यांविषयी त्यांच्याशी आधी बोलून घ्यावे.

आणि शेवटाकडचा एक प्रसंग चुकवू नये. डेनी थकलेल्या एन्झोला लाल फेरारीत शेजारी बसवून ट्रॅकवर नेतो. कादंबरीत अशी फेरी बरीच आधी येते आणि तिथे त्या दोघांचा संकेत ठरलेला असतो, एकदा भुंकले की गाडी हळू करायची आणि दोनदा भुंकले की वेग वाढवायचा. ती पाने मनात ठेवून मी हे दृश्य पाहिले. साऱ्या चित्रपटात बोलत असलेला तो जाडसर आवाज मला तेव्हा नकोसा झाला, कारण एन्झोला जे म्हणायचे होते ते तो स्वतःच्या घशाने म्हणत होता, आणि शेजारी बसलेल्या माणसाला ते सारे कळत होते.