रोजचं एक वचन, मननाची वही की अख्खं पुस्तक? वैयक्तिक मननासाठी काय निवडायचं

सकाळी मोबाईलवर बायबलमधलं एक वचन येतं, आपण वाचतो, आमेन टाकतो, दोन ग्रुपवर पाठवतो आणि दुपारी कुणी विचारलं की आज काय वाचलंस तर आठवत नाही. असं ज्यांचं होतंय आणि शांतवेळेची, म्हणजे रोज एकट्याने बायबल वाचून प्रार्थना करण्याची, एखादी पद्धत आता नीट धरायची असं ज्यांनी ठरवलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. पद्धती बऱ्याच आहेत आणि प्रत्येक पद्धतीचा माणूस म्हणतो माझीच बरोबर, त्यामुळे नवीन माणूस गोंधळतो. म्हणून मी एकच वचन घेतो, याकोब 1:19, म्हणजे नव्या करारातल्या याकोबाच्या पत्राच्या पहिल्या अध्यायातलं एकोणिसावं, ऐकायला तत्पर, बोलायला सावकाश आणि रागाला मंद असावं असं सांगणारं, आणि वेगवेगळ्या पद्धतीने वाचल्यावर त्याचं काय होतं ते बघू.

पहिली पद्धत, रोजचं एक वचन. ॲप असो, छापील पुस्तिका असो, वर वचन, खाली कुणीतरी लिहिलेलं मनन, शेवटी दोन ओळींची प्रार्थना, पाच मिनिटांत झालं. याला लोक नावं ठेवतात पण ही पद्धत जुनी आहे, 1728 साली जर्मनीतल्या हर्नहुट गावात झिंझेनडॉर्फ या पुढाऱ्यांनी मोरेव्हियन मंडळीला, म्हणजे तिथल्या एका प्रॉटेस्टंट पंथाच्या लोकांना, दुसऱ्या दिवसासाठी एक वचन द्यायला सुरुवात केली, 1731 पासून ती वचनं छापून येऊ लागली आणि आजही दरवर्षी येतात. फरक एवढाच की तिथे ते वचन रोज घरोघरी जाऊन सांगितलं जायचं, म्हणजे वचनाबरोबर एक माणूस दारात यायचा, विचारपूस व्हायची. आपल्याकडे वचनाबरोबर फक्त नोटिफिकेशन येतं.

याकोब 1:19 असं सुटं वाचलं तर पटकन काय डोक्यात येतं? घरातली भांडणं. आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा स्वतःची नाही, दुसऱ्याची. हे वचन अमक्याला पाठवायला हवं, त्याला फार राग येतो! सुट्या वचनाचा मोठा धोका हाच, ते बाणासारखं दुसऱ्याकडे वळवता येतं. दुसरा धोका म्हणजे वचन आपल्या सोयीने वाकतं. जुन्या करारातलं यिर्मया 29:11 घ्या, देवाचे संकल्प हिताचे आहेत, आशा देणारे आहेत, हे आपण परीक्षेच्या आदल्या दिवशी, नोकरीच्या इंटरव्ह्यूच्या आधी म्हणतो, पण त्याच्याच आधीच्या वचनात बाबेलमधली सत्तर वर्षं आहेत आणि हे पत्र बंदिवासात नेलेल्या लोकांना आहे, ज्यांना त्याच अध्यायात सांगितलंय की तिथेच घरं बांधा, मळे लावा, त्या नगराचं भलं बघा. म्हणजे ते वचन धीर देतंच, पण लवकर सुटका होईल असं सांगून नाही, ती सत्तर वर्षंही देवाच्या हातात आहेत असं सांगून. हे सुट्या वचनात दिसत नाही. तरी ज्याला सुरुवातच होत नाहीये, किंवा लहान बाळ आहे, ड्युटीच्या वेळा विचित्र आहेत, त्याने ही पद्धत जरूर घ्यावी, फक्त आजूबाजूची दहा वचनं उघडून वाचावीत आणि खाली छापलेलं मनन शेवटी वाचावं, आधी नाही. दुसऱ्याचं मनन आधी वाचलं की आपलं मन कामाला लागतच नाही.

दुसरी पद्धत, हळूहळू प्रार्थनेत वाचणं, लेक्शिओ डिव्हिना म्हणतात ते. मठांमध्ये ही फार जुनी आहे, सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टने मठवासींसाठी लिहिलेल्या नियमात वाचनासाठी रोजचे तास ठरवून दिलेत, आणि बाराव्या शतकात ग्वीगो नावाच्या कार्थुझियन पंथाच्या मठवासीने तिच्या चार पायऱ्या सांगितल्या, वाचन, मनन, प्रार्थना आणि मग देवाजवळ नुसतं शांत राहणं. काही प्रॉटेस्टंट मंडळींत याचं नाव काढलं की भुवया उंचावतात, पण वचन मनात घोळवणं तर स्तोत्र 1 मध्येच आहे आणि लूक 2:19 मध्ये मरीयाही तेच करते.

आपलं वचन असं वाचायचं म्हणजे ते तीन-चारदा अगदी सावकाश म्हणायचं आणि जो शब्द टोचतो तिथे थांबायचं. समजा 'ऐकायला' इथेच अडकलात आणि आठवलं की काल रात्री मुलगी काहीतरी सांगत होती आणि आपण मान हलवत फोन बघत होतो. बस, तिथेच थांबायचं, त्याचीच प्रार्थना करायची. ही पद्धत मनापर्यंत पोचते, मला वाटतं बाकीच्यांपेक्षा जास्त पोचते, आणि ज्याला बायबलची माहिती भरपूर आहे पण आतून कोरडं पडलंय त्याच्यासाठी तर औषधच. पण मनात आलेला प्रत्येक विचार म्हणजे देवाचा आवाज असं धरून चालायला लागलात तर फसाल. मनात आलं ते त्या उताऱ्याच्या अर्थाशी जुळतंय का हे बघायला दुसरं काहीतरी जोडीला लागतंच.

तिसरी, वही. हिचं नावच इंग्रजी आद्याक्षरांवरून सोप (SOAP) पडलंय, वचन लिहायचं, काय दिसतं ते लिहायचं, ते लागू कसं करायचं ते लिहायचं, प्रार्थना लिहायची. दैनंदिन जगण्यात वचन उतरवायचं हाच हेतू असेल तर माझं मत सरळ हिच्या बाजूने आहे, कारण इथे लागूकरणाची ओळ कोरी ठेवता येत नाही. पण त्या ओळीत काय लिहिता यावर सगळं आहे. 'मी आजपासून रागावर ताबा ठेवेन' हे लागूकरण नाही, ते नुसतं वाटणं आहे, संध्याकाळी ते झालं की नाही हे तपासताच येत नाही. 'आज मीटिंगमध्ये तो सहकारी बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही, त्याचं पूर्ण झाल्यावर आधी एक प्रश्न विचारायचा, मग माझं मत' हे लागूकरण. माणूस ठरलेला, वेळ ठरलेली, कृती एवढीशी. रात्री वही उघडून शेजारी हो किंवा नाही लिहायचं, आणि नाही असेल तर तीच ओळ उद्या परत, नवीन वचन घ्यायची घाई नको. याकोब तीनच वचनं पुढे, 1:22 मध्ये, सांगतो की वचन नुसतं ऐकून राहाल तर स्वतःलाच फसवाल, आणि आरशात तोंड बघून लगेच विसरणाऱ्या माणसाचं उदाहरण देतो, त्यामुळे निदान या पत्रापुरती तरी वही अगदी चपखल बसते. ज्यांना लिहायचा कंटाळा आहे त्यांनी फोनमध्ये बोलून रेकॉर्ड करावं, काही बिघडत नाही.

वहीची अडचण म्हणजे प्रत्येक उताऱ्यातून 'मी काय करू' एवढंच ओढून काढायची सवय लागते. बायबलमध्ये सगळ्याच आज्ञा नाहीत ना! शास्ते 6 मध्ये गिदोन लोकर ठेवून देवाकडे खूण मागतो, तिथे एका घाबरलेल्या माणसाशी देव किती धीराने वागला हे दिसतं, तुम्हीही अशीच खूण मागा असं तिथे कुठे म्हटलेलं नाही. त्या दिवशी वहीत कृतीऐवजी देवाबद्दल एक वाक्य लिहिलं आणि आभार मानले तरी पुष्कळ.

आता चौथी, बायबलमधलं अख्खं एक पुस्तक घेऊन बसणं. आधी काय लिहिलंय ते बघायचं, मग त्या वाचकांना त्याचा अर्थ काय होता, मग आपल्याला काय, याच क्रमाने. याकोबाचं पत्र पाचच अध्यायांचं, 108 वचनांचं, एका बैठकीत वाचून होतं. तसं वाचलं की 1:19 वेगळंच दिसायला लागतं. एक तर मागच्या-पुढच्या वचनांत विषय देवाच्या वचनाचा आहे, म्हणजे ऐकायला तत्पर हे घरच्यांच्या बाबतीत आहेच पण आधी देवाचं ऐकण्याबद्दल आहे. मग तिसऱ्या अध्यायात जीभ येते, आणि चौथ्याच्या सुरुवातीला तो विचारतो की तुमच्यातली भांडणं येतात कुठून, आणि उत्तर देतो की आतल्या वासनांतून, हवंय पण मिळत नाही म्हणून. इथे खरं मूळ सापडतं. मीटिंगमध्ये मी मध्येच का तोंड घालतो? कारण मला तिथे मोठं दिसायचंय. एवढं कळल्यावर वहीतली ओळ आणि प्रार्थना दोन्ही बदलतात, आता नुसतं गप्प बसायचं नाहीये, त्या हव्यासाचं काय करायचं हे देवाला विचारायचंय. पण याला वेळ लागतो, आणि काही जण अभ्यासातच रमतात, नकाशे, पार्श्वभूमी, भाष्यग्रंथ सगळं झालं पण घरी बोलणं तसंच.

वर्षभरात बायबल पूर्ण करायच्या योजनांबद्दल थोडंच लिहितो. स्कॉटलंडचे पाळक रॉबर्ट मरे मॅकशेन यांनी 1842 मध्ये आपल्या मंडळीसाठी केलेली योजना आजही वापरतात, जुना करार एकदा आणि नवा करार व स्तोत्रं दोनदा, रोज साधारण चार अध्याय. बायबलची ओळख व्हायला उत्तम, पण रोजच्या लागूकरणासाठी चार अध्याय फार होतात, त्यामुळे मननाच्या जागी ही योजना धरू नका, वेळ असेल तर वेगळी करा. पाठांतराचंही असंच, स्वतंत्र पद्धत म्हणून नको पण आठवड्याचं एक वचन पाठ हवंच, राग येतो तेव्हा वही जवळ नसते.

तर निवडायचं काय? मी सांगेन, एक छोटं पुस्तक घ्या, याकोब किंवा फिलिप्पैकरांस पत्र, पहिल्या दिवशी अख्खं वाचा, मग महिनाभर रोज पाच-सहा वचनं आणि वहीत लागूकरणाची एक ओळ. रविवारी लिहायचं काही नाही, आठवड्यात जे वचन टोचलं तेच घेऊन हळूहळू प्रार्थनेत वाचायचं. मधे चार दिवस सुटले तर मागचं भरून काढत बसू नका, त्या दिवशीच्या उताऱ्यापासून पुढे चालू करा. आणि आठवड्यातून एकदा ती ओळ नवऱ्याला, बायकोला, मैत्रिणीला किंवा पाळकांना दाखवा, कारण आपण स्वतःला सोपं लागूकरण देतो आणि जवळच्या माणसाला ते लगेच कळतं.

फक्त एका परिस्थितीत हे सगळं बाजूला ठेवा. घरात कुणी गेलंय, मोठं आजारपण आहे, मन खचलंय, तेव्हा वहीतला 'आज मी काय करणार' हा प्रश्न ओझं होतो. तेव्हा स्तोत्र 13 काढा, सहाच वचनं आहेत आणि पहिल्या दोनच वचनांत दावीद चारदा विचारतो की अजून किती वेळ. त्याच्याबरोबर तेच विचारा, मोठ्याने, रोज तेच स्तोत्र वाचलं तरी चालेल. शेवटची दोन वचनं, भरवसा आणि गाण्याची, त्या दिवशी ओठांवर येत नसतील तर चौथ्या वचनापर्यंतच वाचून थांबा.