'बिकम ओशन': आठ महिने ऐकल्यानंतर

गेल्या पावसाळ्यात 'बिकम ओशन' हे पाश्चात्त्य वाद्यवृंदाचं संगीत पहिल्यांदा लावलं आणि दहाव्या मिनिटाला बंद केलं. चाल नाही, गुणगुणावं असं काही नाही, नुसता खालून घुमणारा आवाज. आज आठ महिन्यांनी सांगतो, इतकं मनापासून मी अलीकडे दुसरं काही ऐकलेलं नाही.

अमेरिकन संगीतकार जॉन ल्यूथर ॲडम्स यांची ही रचना सिॲटल सिंफनी या तिथल्या वाद्यवृंदाने करवून घेतली आणि 2013मध्ये पहिल्यांदा वाजवली. 2014चं संगीताचं पुलित्झर पारितोषिक तिला मिळालं. शोधताना 'ल्यूथर' टाकायला विसरू नका, जॉन ॲडम्स नावाचे दुसरे मोठे अमेरिकन संगीतकारही आहेत. हे ॲडम्स अनेक वर्षं अलास्कात राहिले. ध्रुवावरचं बर्फ वितळतंय, समुद्र चढतोय, आपणही पुन्हा समुद्रच होऊन जाऊ, हा विचार या नावामागे आहे.

वाद्यवृंदाचे तीन गट वेगवेगळे बसवलेले असतात: तंतुवाद्यं, लाकडी सुषिर (बासरीसारखी फुंकून वाजवायची) आणि पितळी वाद्यं. प्रत्येकाची लाट वेगळ्या लांबीची. एक चढत असते तेव्हा दुसरी ओसरत असते. बेचाळीस मिनिटांत फक्त तीनदा तिन्ही लाटा एकदम माथ्यावर येतात. साधारण सातव्या, एकविसाव्या आणि पस्तिसाव्या मिनिटाला. तीन वेगवेगळ्या आवर्तनांची सम एकाच क्षणी पडावी तसं. मधल्या लाटेनंतर सगळं संगीत उलट्या क्रमाने परत जातं. हे मला वाचून कळलं, पण कानाला जाणवायला चारेक महिने लागले. आता एकविसावं मिनिट जवळ आलं की हातातलं काम आपोआप थांबतं. पितळी वाद्यं भरून येतात, खाली ढोल गडगडतात आणि टेबलावरच्या स्टीलच्या पेल्यातलं पाणी थरथरतंय असंच वाटतं.

हे मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. खालचे सूर तिथे पोचतच नाहीत आणि तेच गेले तर उरतं काय? मी आधी तीच चूक केली. साधे पण कान पूर्ण झाकणारे हेडफोन घेतले तेव्हा पियानोच्या अगदी खालच्या पट्ट्या आणि वर हार्पचे चढते-उतरते सूर वेगळे ऐकू आले. सुरुवात इतकी हळू आहे की आवाज वाढवावासा वाटतो. वाढवू नका, सातव्या मिनिटाला कान दुखतील. फुकटच्या ॲपवर दुसऱ्या लाटेच्या तोंडावर जाहिरात घुसली तेव्हा डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. त्याच दिवशी लुडोविक मोरलो यांनी संचालन केलेलं सिॲटल सिंफनीचं 2014चं ध्वनिमुद्रण विकत घेतलं.

एक उणीव मात्र खरी आहे. मन आधीच जड असेल तर हे संगीत आधार देत नाही, आणखी खोल नेतं. आई इस्पितळात होती त्या आठवड्यात मला ते लावता आलं नाही. तेव्हा भीमसेनजींचा पूरियाच लावला.

आणि घाईत तुकड्यांत ऐकायचं असेल तर राहू द्या. रात्री जेवणं आटोपल्यावर, दिवा मालवून, पूर्ण बेचाळीस मिनिटं. याच मालिकेतलं 'बिकम डेझर्ट' आता सुरू केलंय. दोनदाच ऐकून झालंय, त्याबद्दल पुढच्या पावसाळ्यात लिहीन.